पाण्याच्या ताळेबंदाचा कार्यक्रम: भाषणाऐवजी काय घ्यावं?

ओढाकाठ
आमची संस्था सांगोला तालुक्यात पाणलोटाचं काम करते. रब्बीची पिकं ठरण्याआधी एका गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे उपलब्ध पाणी किती आणि लागणारं किती याचा हिशेब, मांडायचा आहे. बचत गटाच्या महिला आणि शेतकरी मिळून साठेक माणसं, वेळ दोन तास. पडद्यावर आकडे लावले की मागच्या रांगा रिकाम्या होतात. टीसीएम (हजार घनमीटर) हा शब्दच डोक्यावरून जातो. लोक स्वतः हिशेब करतील असं काही सुचवा.

शिवारफेरी
हिशेब चिंचोक्यांवर करा. एक चिंचोका म्हणजे १० टीसीएम, म्हणजेच एक कोटी लिटर. लोकांना सांगताना मात्र ‘दहा हजार लिटरचे हजार टँकर’ असंच सांगा, टँकर सगळ्यांनी पाहिलेला असतो.

समजा, साठलेलं आणि मुरलेलं मिळून गावाला १२०० टीसीएम पाणी उपलब्ध आहे. मग पाटावर १२० चिंचोके ठेवा. पहिला नियम: पिण्याचं पाणी आधी बाजूला. २००० माणसं, रोज माणशी ५५ लिटर, वर्षाचे होतात ४० टीसीएम. ते ४ चिंचोके एखाद्या आजींच्या हाताने वाटीत काढा, नंतर त्याला कुणी हात लावायचा नाही. ६०० मोठ्या जनावरांचा जेमतेम दीड चिंचोका. माणसं आणि जनावरं मिळून इतकं थोडं पाणी पितात, हे दिसलं की लोक सरसावून बसतात.

आता पिकं. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी साधारण २० टीसीएम धरा, म्हणजे अडीच एकराला २ चिंचोके. कांद्याला अर्धा, हरभऱ्याला पाव. शाळू (रब्बी ज्वारी) बराचसा जमिनीतल्या ओलीवर निघतो, त्याला फक्त संरक्षित, म्हणजे पीक वाचवण्यापुरत्या पाण्याचं धरा. ठिबकवरच्या डाळिंबाचा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) आधीच घ्या. शंभर एकर ऊस मांडला की ८० चिंचोके जातात, उरतात साडेचौतीस. सव्वाशे एकर कांदा लावला की राहतात साडेनऊ. इथे बोलू नका, गटाला आपसात भांडू द्या. मग पिकांचे चिंचोके पाटावर परत घ्या, त्यातले ४० उचला, ‘पाऊस कमी झाला’ म्हणा आणि पिकं पुन्हा मांडायला लावा. या दुसऱ्या फेरीला निम्मा वेळ राखून ठेवा, खरी चर्चा तिथेच होते.

ज्वारी-हरभऱ्याचे दाणे वापरू नका. अन्न असं जमिनीवर मांडलेलं पुष्कळांना खटकतं, आणि कोंबड्या हिशेब बिघडवतात.

गटसंघटक
चिंचोक्यांआधी जमिनीवर रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा हवा, नाहीतर आकडे हवेत राहतात. महिलांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा, प्रत्येकी बारा-पंधरा फूट. देऊळ आणि ओढा आधी काढा, दिशा खऱ्या ठेवा. विहिरींना दगड, चालू हातपंपाला हिरवं पान, बंद पडलेल्याला वाळकं. पाच-सहा किलो रांगोळी पुरते. वारा असेल तर विटकरीचा चुरा बरा, तो उडत नाही. पुसण्याआधी गच्चीवरून फोटो घ्या आणि लगेच कागदावर उतरवा.

रांगोळी कुणाच्या हातात जाते यावर सगळं ठरतं. शिकलेला तरुण किंवा सरपंच पुढे झाला की बाकीचे नुसते बघत राहतात. त्यांना नोंदी ठेवायचं काम द्या. दोन्ही नकाशे तयार झाले की शेजारी उभं राहून फरक विचारा. पाण्याला जायची वाट आणि आटणारे झरे सहसा महिलांच्याच नकाशात सापडतात.

माणदेशी
उसाचा मुद्दा जपून हाताळा. गावात ऊस दोन-चार घरांचाच असेल तर तो खेळ त्यांच्यावरचा खटला होतो आणि ती माणसं ग्रामसभेत विरोधात बसतात. म्हणून काल्पनिक शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या करा (‘पाच एकर, एक विहीर, चार म्हशी’) आणि ऊसवाल्यांना कोरडवाहूची चिठ्ठी द्या.

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. दुपारी दोन ते चार महिलांना जमतं. चहा मध्यावर द्या, सुरुवातीला दिला तर माणसं पिऊन उठतात.

ओढाकाठ
उत्तम. उपलब्ध पाण्याचा आकडा कुणी काढायचा? आणि कार्यक्रमानंतर पुढे काय?

शिवारफेरी
आकडा भूजल सर्वेक्षणाच्या लोकांकडून तपासून घ्या. गावातल्या दहा-बारा विहिरींची पातळी मात्र आदल्या दिवशी गावातल्याच मुलांकडून मोजून घ्या, दोरीला दगड बांधला तरी चालतं. स्वतः मोजलेल्या आकड्यावर गाव वाद घालत नाही. शेवटचा मांडलेला हिशेब फळ्यावर लिहून ग्रामपंचायतीत लावा आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत आधीच घालून ठेवा. पाण्याच्या नियोजनासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिवरे बाजार गावात पावसाळ्यानंतर ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो, मगच रब्बीची पिकं ठरतात. तुमची तारीखही ग्रामसभेच्या आधी आठवडाभर धरा, त्याहून लांब गेली तर चर्चा थंडावते.