'मायग्रेशन'ला स्थलांतर म्हणावं का?

अनुवादिनी: १९७४ साली 'सागर सम्राट' या विहिरी खोदणाऱ्या जहाजाला जिथे तेल लागलं त्या मुंबई हायवरचा लेख दिवाळी अंकासाठी अनुवादतेय. तेल शोधायला जहाजावरून एअरगनने पाण्यात हवेचा दणका देतात, समुद्रतळाखालच्या थरांचे प्रतिध्वनी मागच्या केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, टिपतात. थर तिरका असला की नोंदीत भलतीकडेच उमटतो. गणिताने त्याला खऱ्या जागी नेणं म्हणजे मायग्रेशन. मी 'स्थलांतर' लिहिलं, संपादकांनी खोडलं. वाचकाला फ्लेमिंगो आठवतील म्हणाले. काय लिहू?

शिंपला: संपादकांचं बरोबर आहे. स्थलांतरात आपली जागा सुटते, इथे थर आपल्या जागी येतो. 'स्वस्थानी आणणे' बघ.

दर्यावर्दी: सर्वेक्षणाच्या जहाजावर अकरा वर्षं काढली. दर २५ मीटरला शॉट, म्हणजे एअरगनचा दणका, दहा-अकरा सेकंदाला एक. मराठी पोरंही मायग्रेशनच म्हणायची. तेच ठेव. 'भूकंपीय सर्वेक्षण' मात्र लिहू नकोस ताई, तो शब्द पेपरात वाचून माझ्या आईने घाबरून फोन केला होता.

अनुवादिनी: काका, ते 'भूकंपीय' काढते. पुढे 'समांतर संगणन'ही आहे, म्हणजे 'पॅरलल कॉम्प्युटिंग', एकच काम अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी करणं.

धातुपाठ: गंमत बघा, स्थलांतर, भाषांतर यांत 'अंतर' म्हणजे दुसरा, समांतरात ते दूरत्व. समांतर रेषा कधी भेटत नाहीत. इथे प्रत्येक शॉटचं चित्र वेगळ्या प्रोसेसरवर होतं आणि शेवटी सगळ्यांची बेरीज होते. म्हणून 'सहगणन'.

माजघर: लग्नघरात आमच्या आत्या आपापल्या पोळपाटावर लाटायच्या, पोळ्या एकाच दुरडीत पडायच्या. 'सह'च बरोबर.

पाषाणकर: सी-डॅक या सरकारी संस्थेचा 'परम ८०००' महासंगणक १९९१चा, तेव्हापासून आम्ही समांतर म्हणतोय. रुळलेला शब्द का उपटायचा? आणि पोळपाटाचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. एकच शॉट मोठा असला तर तळाखालचा ठोकळाच वाफे पाडल्यासारखा प्रोसेसरांत वाटतात. मग लहर एकेक पाऊल पुढे सरकवताना दर वेळी शेजाऱ्याकडून कडेचे आकडे घ्यावे लागतात. त्या कडेला मी 'बांध' म्हणतो.

शिंपला: बांध अडवतो हो! 'शीव' म्हणा, शिवेवर दोन गावं भेटतात.

अनुवादिनी: शीव सुंदर आहे, टिपून ठेवला. पण मायग्रेशनचं काय? मजकूर शुक्रवारी जातोय.

धातुपाठ: शीव म्हणजे संस्कृत सीमा. मुंबईतलं शीवही तेच, मुंबई बेट आणि साष्टीची हद्द. त्याचं सायन करून टाकलं याचं मला अजून वाईट वाटतं.

माजघर: आमच्याकडे अजून शीवच म्हणतात.