मदत हवी आहे: कॉन्डरच्या जुन्या हिस्टरी फाइलींचं रूपांतर

मंडळी, नांदेडला आमच्या विभागात लिनक्सवर कॉन्डरचा (कामं अनेक मशीनवर वाटून चालवणारं सॉफ्टवेअर) छोटा पूल, म्हणजे मशीनचा गट आहे. बऱ्याच हिस्टरी फाइली (संपलेल्या जॉबच्या, म्हणजे कामांच्या नोंदी) कॉन्डर ६.७.१९ या व्हर्जनच्या आधीच्या फॉरमॅटमधल्या आहेत. त्या बदलल्याशिवाय सगळ्या इतिहासात शोध घेता येत नाही, आणि पोरांना प्रबंधासाठी जुन्या जॉबच्या नोंदी हव्यात.

टेस्ट मशीनवर एका फाइलीवर ‘कॉन्डर_कन्व्हर्ट_हिस्टरी’ हे कॉन्डरचंच रूपांतराचं टूल चालवलं, नीट झालं. मूळ फाइलीची ‘.ओल्डव्हर’ प्रत स्पूलमध्येच (कॉन्डर या फाइली ठेवतो ते फोल्डर) राहिल्याने शोधात प्रत्येक जॉब दोनदा दिसत होता. ती दुसरीकडे हलवल्यावर तेही थांबलं.

खरी अडचण वेळेची. रूपांतर होईस्तोवर शेड-डी (जॉबची रांग सांभाळणारा आणि हिस्टरी लिहिणारा कॉन्डरचा प्रोग्राम) बंद ठेवायचा असतो. आमची डिस्क हळू, लाइटचा भरवसा नाही, यूपीएस जेमतेम वीस मिनिटं खेचतो, आणि जॉब रात्रंदिवस चालू असतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतलाय. नवीन व्हर्जन सध्या टाकता येणार नाही.

रोटेट झालेल्या, म्हणजे भरल्यावर बाजूला काढलेल्या जुन्या फाइलींत शेड-डी आता काही लिहीत नाही. मग त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून, शेड-डी चालू असतानाच बदलल्या, त्याच नावाने परत ठेवल्या आणि फक्त चालू ‘हिस्टरी’ फाइलीपुरता तो बंद केला, तर चालेल का? कुणी असं केलंय का?