बोक्याची लघवी तुंबली होती, औषध मिळालं बद्धकोष्ठाचं. तक्रार कुठे आणि कशी करायची?

टिल्लूचीमावशी

नमस्कार. आमचा टिल्लू गेला. बोका, सहा वर्षांचा, नसबंदी झालेला. आत्ता मला माहिती हवी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

शनिवारी सकाळी तो सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. उकिडवं बसायचं, कुंथायचं, बाहेर यायचं, मागे चाटायचं, परत आत. मधूनच दबक्या आवाजात ओरडायचा. नेहमीच्या दवाखान्यात नेलं. आत गेल्या गेल्या सांगितलं की काल रात्रीपासून ट्रेमध्ये लघवीचा एकही गोळा नाही, रेती कोरडी आहे. डॉक्टरांनी ताप घेतला, हिरड्या पाहिल्या, शी कधी केली होती विचारलं. आदल्या दिवशी सकाळी, असं मी म्हटलं. "कॉन्स्टिपेशन आहे, मांजरांना होतं." लॅक्टुलोजचं सिरप लिहून दिलं, दुखण्यावर एक इंजेक्शन दिलं आणि सोमवारी दाखवायला सांगितलं. पोटाला हात लावला नाही. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण टेबलावर त्याला धरून मीच उभी होते, माझा एक हात त्याच्या छातीखाली आणि दुसरा पोटाशी होता.

रविवारी खाणं बंद, दोनदा उलटी. दवाखान्यात फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, सिरपने पोट ढवळतं, होईल कमी. रात्री त्याचे पंजे गार लागायला लागले तेव्हा चोवीस तास चालणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात पळालो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्याच क्षणी म्हणाल्या, "हा ब्लॉक झालाय." त्यांच्या केस पेपरवर लिहिलंय: मूत्राशय मोठं व कडक, दाबून रिकामं होत नाही, ठोके मिनिटाला 92, तापमान 35.4 सेल्सियस, पोटॅशियम 9.4. कॅल्शियम दिलं, सलाईन लावलं, कॅथेटरची तयारी चालू असतानाच तो गेला.

आता पहिल्या दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांचा नाही, व्यवस्थापकांचा. झालेलं बिल परत देतो म्हणतात, फक्त एका कागदावर सही करा. कागदावर "पूर्ण व अंतिम तडजोड" आणि "यापुढे कोणत्याही मंचावर तक्रार करणार नाही, समाजमाध्यमांवर लिहिणार नाही" असं आहे.

सही करावी का? नाही केली तर तक्रार नेमकी कुठे करायची? आणि आम्ही त्याला पुरलं, शवविच्छेदन केलं नाही. म्हणजे पुरावाच गेला का?

"तक्रार करून तो परत येणार आहे का" हे घरात ऐकून झालंय. इथे नको, प्लीज.

कोपऱ्यातलाडॉक्टर

मी पशुवैद्य आहे. एका बाजूचं ऐकून मी कुणाला दोषी ठरवत नाही, पण वैद्यकीय भाग समजावून सांगतो, कारण तक्रार लिहिताना तोच लागेल.

नर मांजराचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. खडे, बारीक स्फटिक किंवा चिकट द्रव्याचा बोळा तिथे अडकला की लघवी पूर्ण थांबते. मूत्रपिंडांवर मागे दाब येतो, पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि ते हृदयाला मंद करतं. मांजराचं पोटॅशियम साधारण साडेपाचच्या आत असतं. 9.4 हा आकडा वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके सहज 180 च्या वर असतात. ते 92 वर आले आणि अंगही गार पडलं, म्हणजे गाडी फार पुढे गेलेली होती. त्या बाईंनी कॅल्शियम आधी दिलं ते बरोबर, हृदयाला तेवढाच आधार मिळतो. अशा अवस्थेत चांगल्या हातांखालूनही मांजर जातं.

आता शनिवारबद्दल. कुंथणारं मांजर पाहिलं की मालकाला बद्धकोष्ठ वाटतं, हे आम्हाला पहिल्या वर्गापासून शिकवलेलं असतं. म्हणूनच नर मांजर ट्रेमध्ये कुंथतंय म्हटलं की मूत्राशय आधी चाचपायचं. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. तुंबलेलं मूत्राशय हाताला कडक चेंडूसारखं लागतं, चुकणं अवघड. निदान चुकणं ही एक गोष्ट आणि ते करायला लागणारी साधी तपासणीच न करणं ही दुसरी. तुमची सगळी तक्रार या दुसऱ्या गोष्टीवर उभी राहील.

दुखण्यावरच्या इंजेक्शनचं नाव मिळवा. मेलॉक्सिकॅमसारखं काही असेल तर मूत्रपिंडाची अवस्था न बघता ते का दिलं, हाही प्रश्न विचारता येतो.

शवविच्छेदनाचं म्हणाल तर ते झालं असतं तर बरंच होतं. (इतर वाचणाऱ्यांसाठी: असा प्रसंग आला तर शरीर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला फारसं कळत नाही. आणि जमेल तितक्या लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत न्या.) पण तुमच्या बाबतीत मृत्यूचं कारण जिवंतपणीच नोंदलं गेलंय, तेही दुसऱ्या पशुवैद्याच्या हाताने, रक्ताच्या आकड्यासकट. उकरून काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

काळाकोट

सही करू नका. निदान आत्ता, रागात किंवा थकव्यात तर नकोच. बिल परत घेणं वेगळं आणि "पूर्ण व अंतिम" लिहून देणं वेगळं. त्या शब्दांनंतर भरपाईचा दावा जवळपास मिटतो. त्यांना एक ओळ लेखी पाठवा: प्रस्ताव मिळाला, विचार करून कळवते. फोनवर काही कबूल करू नका.

तक्रारीचे मार्ग देशागणिक बदलतात, पण सांगाडा सारखाच असतो. एक म्हणजे नोंदणी करणारी संस्था, जिच्याकडे डॉक्टरांचा परवाना असतो. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स, अमेरिकेत त्या त्या राज्याचं व्हेटरनरी बोर्ड, भारतात 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखालच्या राज्य परिषदा. या संस्था डॉक्टरांचं वागणं तपासतात, ताकीद देऊ शकतात, गंभीर असेल तर नोंदणी काढून घेऊ शकतात. तुम्हाला पैसे मिळवून देणं हे त्यांचं काम नाही, तेव्हा तिथे भरपाईची मागणी लिहू नका, अर्ज कच्चा दिसतो.

दुसरा मार्ग पैशाचा: ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. इथे मुदत सांभाळायची. भारतात ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं, इतरत्र वेगळी. आणि एक कटू गोष्ट आधीच सांगतो, नंतर कळली तर जास्त लागेल. बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी पाळीव प्राणी ही मालमत्ता आहे. म्हणजे हिशेब त्याच्या किमतीचा आणि उपचाराच्या खर्चाचा होतो, तुमच्या घरातल्या रिकाम्या जागेचा क्वचितच. वकिलाची फी त्याहून जास्त होऊ शकते.

निष्काळजीपणा ठरवायची कसोटी 1957 च्या बोलम खटल्यापासून चालत आलीय. त्या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांनी मान्य केलेल्या पद्धतीने डॉक्टर वागला असेल, तर निकाल वाईट लागला म्हणून तो दोषी ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी धरली. दोन्ही खटले माणसांच्या डॉक्टरांचे, पण विचार तोच लागू होतो. म्हणून "माझं मांजर मेलं" एवढ्याने भागत नाही. "असं मांजर समोर आल्यावर कुठलाही पशुवैद्य अमुक तपासणी करतो, ती इथे झाली नाही" असं म्हणणारा दुसरा पशुवैद्य, लेखी, हवा. वर डॉक्टरसाहेबांनी जे लिहिलंय ते सही-शिक्क्यानिशी कुणाकडून तरी मिळवा.

शेरूचीआई

मी यातून गेलेय, कुत्र्याच्या बाबतीत. परिषदेकडे तक्रार केली. पोच आली, मग कितीतरी महिने काही नाही, मग डॉक्टरांचा खुलासा मला पाठवला आणि त्यावर माझं म्हणणं मागवलं. तो खुलासा वाचायची तयारी ठेव गं. त्यात मी "अतिचिंता करणारी मालकीण" होते आणि शेरूचं वजनही चुकीचं होतं. मी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवड्याने उत्तर लिहिलं, तेही बहिणीला वाचायला देऊन. शेवटी ताकीद मिळाली त्यांना. अर्ध्या पानाचं पत्र. कुणाला कमी वाटेल, पण पुढच्या तक्रारीच्या वेळी ते पत्र त्यांच्या फायलीत असेल. मला तेवढंच हवं होतं.

तुला काय हवंय ते आधी ठरव. माफी, पैसे, की नोंद. एका अर्जात तिन्ही मागितलं की एकही धड मिळत नाही.

आणि आजच बसून सगळं लिहून काढ. कुणाशी काय बोलणं झालं, किती वाजता. फोनचा कॉल लॉग असतो बघ, रविवारच्या त्या फोनचा स्क्रीनशॉट काढून ठेव, जुने कॉल आपोआप पुसले जातात.

मध्यममार्गी

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. शनिवारी दवाखाने तुडुंब असतात. एक डॉक्टर, बाहेर रांग, माणूस आहे, चुकतो. प्रत्येक चुकीची तक्रार व्हायला लागली तर उद्या या पेशात येणार कोण?

टिल्लूचीमावशी

मध्यममार्गी, रांग होती हे खरं आहे. रांगेतला प्रत्येक जण आपलं जनावर तपासलं जाईल म्हणूनच उभा होता.

बाकी सगळ्यांचे आभार. सही केलेली नाही. काल दवाखान्याकडे लेखी अर्ज देऊन पूर्ण नोंदी मागितल्या. आज छापील प्रत मिळाली आणि ती वाचून मी सुन्न झालेय. शनिवारच्या नोंदीत लिहिलंय: "उदर तपासणी: मूत्राशय मऊ, लहान. लघवीची तक्रार मालकांनी सांगितली नाही." शनिवारी हातात मिळालेल्या चिठ्ठीवर यातलं अक्षरही नाही. तिथे फक्त "बद्धकोष्ठ", सिरप, आणि हो, इंजेक्शन मेलॉक्सिकॅमच. हे नंतर घुसडलंय असं मी तक्रारीत लिहू का?

काळाकोट

नाही. बनावट नोंद केली असा आरोप तुम्ही केलात की तो सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. दोन्ही कागद जोडा. लिहा की शनिवारी मिळालेल्या चिठ्ठीत उदर तपासणीचा उल्लेख नाही, नंतर मिळालेल्या छापील नोंदीत आहे. मग परिषदेला विनंती करा की दवाखान्याच्या संगणकातला बदलांचा इतिहास मागवावा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंद कधी केली, कधी बदलली, हे वेळेसकट राहतं. तपासणारे काय ते समजतात.

रात्रीच्या रुग्णालयाच्या नोंदीत तुम्ही आल्या आल्या काय सांगितलं होतंत तेही असेल. इतिहास म्हणून "शुक्रवार रात्रीपासून लघवी नाही" असं त्यांनी टिपलं असेल तर ती ओळ सोन्यासारखी आहे.

कोपऱ्यातलाडॉक्टर

या नव्या नोंदीमुळे त्यांचा बचाव काय असेल ते सांगतो, म्हणजे आधीच तयारी होईल. ते म्हणतील की शनिवारी मूत्राशय मऊ होतं, मांजर नंतर ब्लॉक झालं. हे अशक्य नाही. अर्धवट अडथळा असतो, थेंब थेंब लघवी होत राहते, मग पूर्ण बंद होते. परिषदेवरचे पशुवैद्यही हे जाणतात.

पण तसं असलं तरी प्रश्न उरतोच. कुंथणाऱ्या नर मांजराला घरी पाठवताना "बारा तासांत लघवी दिसली नाही तर लगेच आणा" हे सांगायला हवं होतं. चिठ्ठीवर ती सूचना आहे का? सोमवारी दाखवायला सांगितलं, एवढंच ना? आणि रविवारी उलटीचा फोन आल्यावर काउंटरवरून उत्तर देण्याआधी कुणा पशुवैद्याला विचारलं गेलं का? तक्रारीत हे दोन मुद्दे स्वतंत्र ठेवा. पहिला मुद्दा "मी चाचपलं", "नाही चाचपलं" यात अडकला तरी हे दोन अडकत नाहीत, कारण एकाला चिठ्ठी साक्षीला आहे आणि दुसऱ्याला कॉल लॉग.

शनिवारी ज्यांनी तपासलं त्यांचा नोंदणी क्रमांकही नोंदवहीत पडताळून घ्या. कधी कधी टेबलापाशी उभा माणूस मदतनीस निघतो, आणि मग प्रकरण वेगळंच वळण घेतं.

टिल्लूचीमावशी

नोंदणी क्रमांक सापडला, डॉक्टरच आहेत. रात्रीच्या रुग्णालयातून कागद आले. "शुक्रवार रात्रीपासून" असं नाही, "48 तासांपासून लघवी दिसली नाही, आधीच्या पशुवैद्यांना सांगितलं होतं" असं आहे.

अर्जाची सुरुवात अशी केलीय: "अत्यंत हलगर्जी व अमानुष वागणुकीमुळे माझ्या निष्पाप टिल्लूचा बळी घेतला गेला..." चालेल?

शेरूचीआई

पहिलं वाक्य काढ गं. मीही असंच लिहिलं होतं, बहिणीने लाल पेनने उडवलं. तारीख, वेळ, "नर मांजर, वय 6, तक्रार: लघवी होत नाही व कुंथणे" इथून सुरू कर. टिल्लूचं नाव ठेव, ते काढायचं नाही.

काळाकोट

आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रती जोडा. पोच मिळेल अशा पद्धतीनेच पाठवा.