ईटीपीच्या स्लजवर गांडुळं सोडली तर खरंच खत होतं का?

फिल्टरप्रेसवाला:
नमस्कार मंडळी, पेपर मिलच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर कामाला आहे. रोज सांडपाण्यातला गाळ, म्हणजे स्लज, फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी काढलं की राखाडी ओला केक निघतो, तो भरून लँडफिलला पाठवायचा आणि त्या वाहतुकीची बिलं बघून बघून आता साहेबांच्या डोक्यात गांडूळ खत शिरलंय. म्हणजे कुठला तरी व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं की गांडुळं कारखान्याचा कसलाही कचरा खातात, विष पण पचवतात आणि खत तयार. ट्रायलला एका टबात नुसता केक घेऊन वर गांडुळं सोडली, तर सकाळी सगळी काठावर चढून बसलेली, बरीचशी तर बाहेर जमिनीवर. साहेब म्हणतात गांडुळं खराब होती, दुसरी मागवा. मला काही ते पटत नाही. कोणी असं काम केलंय का?

बेडवाला_बाबू:
गांडुळं खराब नव्हती हो, शहाणी होती 😄 काठावर चढतात म्हणजे आत राहण्यासारखं नाहीये एवढाच अर्थ. पेपरचा स्लज म्हणजे बारीक फायबर, पाणी धरून चिकट गोळा होतो, आत हवा जात नाही, आणि गांडूळ कातडीने श्वास घेतं त्यामुळे ओल हवी पण हवाही हवीच. त्यात वर नुसत्या फायबरमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर सुरुवातीला २५-३० च्या आसपास लागतं, प्रायमरी स्लजचं (पहिल्या टाकीत खाली बसणारा फायबरचा गाळ) बऱ्याचदा शंभरच्या वर असतं, मग खाणार काय ती बिचारी.

आधी सांगा कुठली गांडुळं होती? शेतातली खणून आणली असतील तर विषयच संपला, ती मातीत खोल बिळं करणारी. इथे वरच्या थरात कुजकं खाणारी लागतात, आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस. आणि कच्च्या मालावर थेट सोडायची नाहीत. शेण मिसळून दोन-तीन आठवडे नुसतं कुजू द्या, अधूनमधून पलटा, गरम होऊन थंड झालं की मग सोडा. ढीग तापलेला असताना सोडली तर ३५ अंशांच्या वर ती उकडूनच मरतात.

लॅबवाली:
बाबूंनी गांडुळांच्या सोयीचं सांगितलं, ते बरोबरच आहे, पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. समजा गांडुळं मजेत राहिली, काळंभोर भुसभुशीत खत पडलं, वासही मातीचा, तरी ते खत शेतात टाकायच्या लायकीचं आहे हे त्यावरून कळत नाही.

"विष पचवतात" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. सेंद्रिय भाग गांडूळ आणि त्याच्या पोटातले-आजूबाजूचे जीवाणू मिळून फोडतात, तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. शिसं, कॅडमियम, क्रोमियम कुठे उडणार? ते मूलद्रव्य आहे, आहे तिथेच राहतं. आणि माल घटला की त्याचं प्रमाण उलट वाढतं. हिशोब करून बघा, १०० किलो सुक्या मालात २ ग्रॅम कॅडमियम आहे, म्हणजे किलोला २० मिलिग्रॅम. कुजून माल ६० किलो उरला, तर तेच २ ग्रॅम ६० किलोत, किलोला ३३ मिलिग्रॅम. कागदोपत्री "प्रक्रिया केलेलं" आणि प्रत्यक्षात जास्त जहाल.

आता कोणीतरी म्हणेल की गांडुळं धातू शोषून घेतात. घेतात की, कॅडमियम तर चांगलंच साठवतात शरीरात, त्याला बांधून ठेवणारी खास प्रथिनं असतात त्यांच्यात. पण मग ती गांडुळं खतातून वेगळी काढायला हवीत, तिथेच मेली तर धातू परत खतात, आणि काढून कोंबड्यांना किंवा माशांना घातली तर तुम्ही तो धातू पुढच्या ताटात वाढलात.

म्हणून आधी विचारते, तुमच्याकडे लगदा लाकडाचा की रद्दीचा? रद्दीची शाई काढत असाल तर त्या स्लजमध्ये रंगांचे धातू येऊ शकतात. आणि ब्लीचिंग क्लोरीनने होतं का?

फिल्टरप्रेसवाला:
ताई धन्यवाद, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. लगदा लाकडाचाच आहे, रद्दी नाही. ब्लीचिंग प्लांट आमच्याकडे नाही, ब्राऊन पेपरच बनतो. गांडुळं आयसेनियाच होती बाबूभाऊ, शेतातली नव्हती. प्रायमरी आणि सेकंडरी स्लज वेगळा निघतो पण पुढे एकाच प्रेसमध्ये एकत्र होतो.

बेडवाला_बाबू:
अरे मग सोनंच आहे की! सेकंडरी स्लज म्हणजे जीवाणूंचा गाळ, त्यात नायट्रोजन भरपूर, शेण बाहेरून कमी आणावं लागेल. फक्त तो ताजा फार घालू नका, अमोनिया सुटतो आणि अमोनियाला गांडुळं अजिबात सहन करत नाहीत. क्षारांचंही तसंच, मिठाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ती पळ काढतात.

साशंक_शिंपला:
सगळं ठीक, पण जागेचा हिशोब कोणी करतंय का? गांडूळ दिवसाला साधारण वजनाच्या निम्मं खातं असं धरलं तर रोजच्या एक टन मालाला दोन टन जिवंत गांडुळं लागली. चौरस मीटरला दीड किलो ठेवली तर १३०० चौरस मीटरच्या वर नुसते बेड, त्यावर सावली, पाणी, पलटायला माणसं. साहेबांना आधी हे दाखवा, व्हिडिओ नंतर.

लॅबवाली:
शिंपल्याचा मुद्दा खरा आहे, बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात. म्हणून लहान टबावरच खात्री करून घ्या. प्रयोगशाळेत एक सोपी चाचणी करतात, तुम्हीही करू शकता. टबाच्या मध्ये पुठ्ठ्याचा पडदा लावायचा, एका बाजूला चांगली माती, दुसऱ्या बाजूला तुमचं मिश्रण मातीत मिसळून. पडदा काढायचा, मधल्या रेषेवर दहा गांडुळं ठेवायची आणि झाकून ४८ तास सोडून द्यायचं. मग परत पडदा घालून दोन्हीकडची मोजा. मिश्रणाच्या बाजूला दोनच्या खाली सापडली तर ते मिश्रण बाद. एका टबावर मात्र ठरवू नका, चार-पाच टब लावा.

खत तयार झाल्यावर त्याचा पाण्यातला अर्क काढून त्यावर अळीव रुजवून बघा, शेजारी साध्या पाण्यावरही ठेवा. अर्कावर मुळं खुंटली तर अजून कुजायचंय किंवा काहीतरी नको ते शिल्लक आहे.

आणि धातूंची तपासणी कच्च्या स्लजचीही करा आणि खताचीही, नुसत्या खताची करून उपयोग नाही. नमुना प्रेसच्या केकमधून घेऊ नका, प्रायमरी आणि सेकंडरी एकत्र व्हायच्या आधी दोन वेगळे घ्या. काही सापडलंच तर ते कुठल्या बाजूने येतंय हे तरी कळेल.

फिल्टरप्रेसवाला:
सोमवारी दोन्ही टाक्यांतून नमुने घेतो. पुठ्ठा मात्र आमच्याकडे मुबलक आहे 😀