इतर हक्कात बहिणींची नावं दिसत असताना जमीन घेणाऱ्याची कीव कशाला?

कृष्णाकाठची लेक:
वाळवा तालुक्यात आमचं 2 एकर बागायत, आजोबांपासूनचं. वडील 1996 ला गेले. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर भाऊ 'एकुम', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि आई नि आम्ही दोघी बहिणी 'इतर हक्क' रकान्यात. गेल्या महिन्यात भावानं सगळं रान विकलं. कळलं ते शेजारच्या काकूंकडून: "तुमच्या बांधावरची बाभळ तोडली की गं!" दस्ताची नक्कल काढली. त्यात आईचा निबंधक कचेरीतला फोटो. डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याकडं नाही, बाजूला. बहुतेक भावाकडं.

भावाला बोलायचं ते बोलून झालं. पण माझा खरा राग घेणाऱ्यावर आहे. माणूस गावातलाच, माझ्या लग्नात पंगतीला वाढलेला. दोघी बहिणींची सही नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर बाजारभावापेक्षा स्वस्तात घेतलं. आता "मी फसलो" म्हणून गावभर रडतोय.

पैसे मोजलेला:
ताई, राग समजतो. पण आमची बाजू ऐका. मी कराडजवळ 30 गुंठे घेतले, बायकोचे दागिने मोडून. सातबारा बघितला, बोजा नव्हता, एजंट म्हणाला "बहिणींचं काही नाही, त्या देऊन टाकतात." आठ महिन्यांनी कोर्टाचं समन्स. भाऊ पैसे घेऊन पुण्याला, आणि तारखांना मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

कृष्णाकाठची लेक:
एजंटाला विचारलंत, बहिणींना एक फोन केला असता तर? एक रुपया लागत नव्हता.

थोरला:
सगळे भावावर तुटून पडलेत म्हणून लिहितो, मीही माझ्या घरचा थोरला भाऊ. सोसायटीचं कर्ज मी फेडलं, पाइपलाइन मी आणली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी केलं. तेव्हा कुणी हिस्सा मागितला नाही. एकुम गरजेपोटी विकू शकतो. आणि ताईंचे वडील 2005 च्या आधी गेले, मग मुलींचा हक्क आला कुठून?

कोर्टकारकून, सांगली:
थोरले, तो मुद्दा आता चालत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकीला जन्मानं हक्क दिला, आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. इथं वाटपच नाही.

गरजेचं म्हणाल तर कर्ता, म्हणजे तुमचा एकुम, विकू शकतो, खरं आहे. पण गरज होती, निदान आपण तशी नीट चौकशी केली होती, हे शाबीत करायचं ओझं घेणाऱ्यावर येतं. म्हणून ताईंचं म्हणणं निव्वळ रागाचं नाही.

मात्र ताई, अख्खी खरेदी उडेल असं धरून बसू नका. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या हिश्श्यापुरती ती टिकू शकते. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव लावायच्या, नोटिशीवर 15 दिवसांत हरकत द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. फेरफार रद्द झाला म्हणून रान परत येत नाही, महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टातच लावा आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवा, नाहीतर हा माणूस तिसऱ्याला विकून मोकळा होईल.

माहेरवाशीण, खटाव:
मी हक्कसोड लिहून दिलं. एक रुपया घेतला नाही, माहेर राहावं म्हणून. त्यानंतर दोन दिवाळ्या बोलावणं आलं. तिसऱ्या दिवाळीला भाऊ म्हणाला, घराचं काम काढलंय. बाकी तुम्ही ठरवा.

थोरला:
सगळे भाऊ तसले नसतात.

माहेरवाशीण, खटाव:
माझाही नव्हता, सही होईपर्यंत.

पैसे मोजलेला:
कारकूनसाहेब, माझे पैसे भावाकडून वसूल होतात का तेवढं सांगा.

कोर्टकारकून, सांगली:
दस्तात विक्रेत्यानं 'मालकीत दोष निघाल्यास भरपाई करून देईन' असं लिहून दिलंय का बघा. बहुतेक दस्तांत असतं. त्यावर वेगळा दावा करता येतो. पुण्याचा पत्ता तेवढा शोधून ठेवा.

कृष्णाकाठची लेक:
काल हरकत दिली, पोच घेतली. संध्याकाळी फोन आला. भावाचा नाही, वहिनीचा. हरकतीचा विषयच नाही. "ताई, गौरीला येताय ना?"