'फक्त 310 तास उडालेलं' विमान: चौघांत घ्यावं की नाही?

टिळकवाडीकर

आमच्या चौघांच्या डोक्यात सध्या विमान शिरलंय. लाइट स्पोर्ट म्हणतात ते, दोन सीटचं, टेकऑफचं वजन 600 किलोच्या आत. अमेरिकेत हा गट 2004 साली निघाला, स्वस्तात उडता यावं म्हणून. एक जुनं विकायला आलंय. 2011 चं, रोटॅक्स 912 इंजिन, वर अख्ख्या विमानाला पेलणारं पॅराशूट. जाहिरातीत लिहिलंय, 'फक्त 310 तास उडालेलं, नव्यासारखं'. बाकी तिघं त्या 310 वर भाळलेत. मी घेऊ नये म्हणतो, आणि त्याच 310 मुळे म्हणतो.

या इंजिनाची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायची, मर्यादा 2000 तास किंवा 15 वर्षं, जे आधी येईल ते. आपण उडवणार किती? मृग लागला की हस्त सरेपर्यंत बेळगावात ढग कौलांवर बसलेले. उरलेल्या आठ महिन्यांतले रविवार धरा, त्यातून लग्नसराई, जत्रा आणि माझा दवाखाना वजा करा. वर्षाला 40 तास म्हणजे डोक्यावरून पाणी. या चालीनं 2000 गाठायला 50 वर्षं लागतील. 15 वर्षांत होतात जेमतेम 600. उरलेले 1400 तास आपण विकत घेतो आणि वापरतच नाही. आणि 2011 चं इंजिन म्हणजे ती 15 वर्षं भरलीच की. नव्या इंजिनाला 20 हजार डॉलरच्या वर पडतात, आयातीचा खर्च वेगळा.

शिवाय दर 5 वर्षांनी सगळे रबरी होज (नळ्या) बदलायचे, पेट्रोलचे, ऑइलचे, कूलंटचे. पॅराशूट दर 6 वर्षांनी उघडून पुन्हा घडी घालायची, ते बाहेर ओढणारं रॉकेट 12 वर्षांनी नवं. रॉकेट म्हणजे स्फोटक, ते काही कुरिअरनं येत नाही. यातल्या एकाही खर्चाला तुम्ही किती उडालात याच्याशी देणंघेणं नाही.

उद्यमबागचा लेथवाला

डॉक्टर, तुम्ही प्रत्येक गोष्टीची एक्स्पायरी डेट बघता, सवय आहे. त्या चौघांतला मी एक, म्हणून लिहितो.

मशीन कॅलेंडरनं मरत नाही, वापरानं मरतं. माझ्या शॉपमध्ये वडिलांच्या काळातलं लेथ आहे, आजही सुतात चालतं. होज म्हणाल तर इथं हायड्रॉलिकची निम्मी दुकानं होजवरच जगतात. अर्ध्या तासात टोकं दाबून, क्रिम्प करून मिळेल. एखादी बुश, एखादा ब्रॅकेट मी स्वतः काढीन. अहो, हत्तरगीला एरोस्पेसचं एसईझेड आहे, मोठ्या विमानांचे पार्ट आपल्याच जिल्ह्यातली पोरं काढतात, आणि आपण दोन सीटच्या खेळण्याला घाबरायचं?

लोक एका लग्नात 40 लाख उडवतात, ते कुणी 15 वर्षांनी ओव्हरहॉल करत नाही!

सांबऱ्याचा निवृत्त फिटर

लेथवाले दादा, होज तुमच्याकडं मिळेल, आणि चांगलाच मिळेल. त्याचा कागद कोण देणार?

हत्तरगीला एक पार्ट बाहेर पडतो तेव्हा तो कुठल्या बारमधून कापला, त्या बारचा हीट नंबर (भट्टीतल्या ओतणीचा नंबर) काय, इथपासून कागद त्याच्याबरोबर जातो. पार्ट आणि कागद यांची किंमत वेगळी काढता येत नाही. लाइट स्पोर्टमध्ये तर बनवणारी कंपनीच सगळं ठरवते, कुठला पार्ट, कुठली दुरुस्ती. तिच्या परवानगीशिवाय केलेला बदल लायसन्सवाला इंजिनिअर सही करून घेणार नाही. दर वर्षी ती सही लागणारच, आणि तो माणूस बाहेरगावाहून येणार, त्याचं जाणंयेणं, जेवणखाण, मुक्काम तुमच्यावर.

मी नोकरीत असताना होज बघायची रीत होती. बोटात धरून वाकवायचा. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूला केसासारख्या बारीक रेषा उमटल्या की तो गेला, बाहेरून कितीही काळाभोर दिसू दे. उभ्या विमानाचा होज तर आधी जातो. इंजिन फिरतं तेव्हा ऑइल आत सगळीकडं पोचतं, उभं राहिलं की आपल्याकडची चार महिन्यांची ओल आत बसते. वर पंखात उंदीर घर करतात ते वेगळंच. 310 तास 15 वर्षांत म्हणजे वर्षाला 20-21. मला 1200 तासांचं विमान दाखवा, नेमानं उडालेलं, मी ते आधी बघीन.

अथणीकडचा ऊसवाला

चौघांतला तिसरा मी. मला एवढं कागदाचं कळत नाही, पण पेट्रोलवर चालतं म्हणून मी हो म्हटलं होतं. तासाला 16-17 लिटर म्हणजे माझ्या ट्रॅक्टरपेक्षा लई जास्त न्हाई की ओ. पंपावरनं कॅन भरायचा नि टाकायचं.

सांबऱ्याचा निवृत्त फिटर

अण्णा, तिथंच गोम आहे. ते इंजिन साध्या पेट्रोलवर चालतं हे खरं, पण त्यात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. आपल्या पंपावर आता 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल ओल शोषतं, आणि फायबरच्या टाकीला न् जुन्या रबराला सोसत नाही. मग उरलं ॲव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल. ते 2022 पर्यंत सगळं बाहेरून यायचं, त्या वर्षी इंडियन ऑइलनं वडोदऱ्याला करायला घेतलं. त्यात शिसं असतं. रोटॅक्समध्ये सतत तेच वापरलं तर ऑइल 50 ऐवजी 25 तासांनी बदलायचं, कारण शिशाचा गाळ बसतो.

अथणीकडचा ऊसवाला

म्हणजे आमच्याच उसाचं इथेनॉल आमच्याच विमानाला चालत न्हाई? कारखान्याला ऊस घालायचा मी, आणि उडायचं राहिलं!

ओहायोतला बेळगावकर

मूळचा शहापूरचा. इथं एका लाइट स्पोर्टमध्ये माझा तिसरा हिस्सा आहे, सात वर्षं झाली, आणि मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

डॉक्टरांच्या गणितात एक आकडा चुकतोय. ते 40 तास एकट्याचे धरतात की चौघांचे? जागेचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, हे सगळं धरा वर्षाला 6 लाख. विमान 40 तास उडलं तर तासाला 15 हजार, तेही पेट्रोलचा थेंब न घालता. तेच 120 तास उडलं तर 5 हजार. खर्च कमी करायचा असेल तर पैसे वाचवू नका, उडा. आम्ही तिघं मिळून 130-140 तास उडतो.

दुसरं, आमचं विमान प्रायोगिक गटातलं आहे. तिथं मालकानं 16 तासांचा कोर्स केला की स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करता येते. 15 वर्षांची अटही या गटात सक्तीची नाही, कॉम्प्रेशन (सिलेंडर दाब धरतो का ते) बघायचं, ऑइल फिल्टर कापून आत चुरा आहे का बघायचा, आणि चालवत राहायचं. आमचं इंजिन 17 वर्षांचं आहे. मॅन्युअल म्हणतं म्हणून चांगलं इंजिन टाकून देणं मला पटत नाही.

टिळकवाडीकर

दादा, तुमचा मुद्दा मान्य, पण तो ओहायोत. इथं ती 16 तासांची सोय नाही. आणि 120 तास आणायचे कुठून? ढग तुमच्याकडचे वेगळे, विमानतळ वेगळे. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर एअरफोर्स आहे, ट्रेनिंगच्या शाळांची गर्दी आहे, आपल्याला हवं तेव्हा उठून जाता येईल असं नाही. लेथवाले सांगतात गोवा अर्ध्या तासात. चोर्ला घाटानं अडीच-तीन तास लागतात हे खरं, पण दाबोळी नेव्हीचं, तिथं मनात आलं आणि उतरलो असं होतं का?

आणि एक विचारतो, तुमच्या तिघांतला एक सोडून गेला तर?

ओहायोतला बेळगावकर

गेला ना. दोन वर्षांपूर्वी. हिस्सा घ्यायला गिऱ्हाईक मिळेपर्यंत 14 महिने आम्ही दोघांनी त्याचाही भार उचलला. ते सुरुवातीलाच लिहून ठेवायला हवं होतं. तेवढं मात्र तुम्ही करा.

खानापूरची माहेरवाशीण

चौघांत चौथे माझे यजमान, ते इथं लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते.

इंजिन, होज, पॅराशूट सगळं वाचलं. विम्याचं एका शब्दात उरकलंत. 2023 च्या मे महिन्यात होन्निहाळजवळ शेतात ट्रेनिंगचं विमान उतरलं होतं, आठवत असेल. दोघं वाचले, देवाची कृपा. पण शेत कुणाचं तरी होतं ना? उद्या तुमचं उतरलं आणि खाली कुणाचा गोठा असला तर चौघांपैकी नोटीस कुणाच्या नावावर येणार? माझ्या माहेरी ट्रॅक्टर भावाभावांत होता. डिझेल सगळे घालायचे, टायर फुटला की तो ज्यानं शेवटी चालवला त्याचा. शेवटी दहा वर्षं एकमेकांच्या घरी दिवाळीला गेले नाहीत.

मी नको म्हणत नाही. हौस आहे, पैसे आहेत, करा. फक्त 'स्वस्त पडेल' असं सांगून करू नका. त्यापेक्षा 'महाग आहे, तरी करतोय' म्हणा, मी पण ऐकून घेईन.

उद्यमबागचा लेथवाला

वहिनी, मान्य, महाग आहे. तरी करायचं आहे. झालं?

पण नवं घ्यायचं तर खाजगी विमानावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी. म्हणून तर जुनं बघतोय. कागदाचं काकांनी सांगितलं ते मला लागलंय, कारण माझा स्वतःचा माल मी टेस्ट सर्टिफिकेटशिवाय पाठवत नाही. मग इंजिन नवं पडणार असं धरूनच भाव सांगायचा. विकणारा 310 चा भाव मागतो, आपण 2011 चा द्यायचा.

सांबऱ्याचा निवृत्त फिटर

आता बोललात. भाव सांगण्याआधी लॉगबुक मागवा. तास नका बघू, होज शेवटचे कधी बदलले, पॅराशूटची घडी आणि रॉकेट कधीचं, तेवढ्या तारखा बघा. हिशोबानं घडी 2017 ला, मग 2023 ला, आणि 2023 लाच रॉकेट, असं दिसायला हवं.

टिळकवाडीकर

काल रात्रीच विचारलं मी. (हो, घेऊ नये म्हणणाऱ्यानंच.) आज सकाळी फोटो आलाय. पॅराशूटच्या पिशवीवर लेबल आहे, पुढची घडी '2017' असं छापलंय. त्यानंतरचं लेबल कुठं दिसत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "सर, ते कधी उघडायची वेळच आली नाही."