१२३४५६७८९८७६५४३२१ मूळ संख्या आहे का?

वर कुणीतरी विचारलंय, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मूळ असेल का. नाही. ती १११११११११ (नऊ एक) चा पूर्ण वर्ग आहे.

काल संध्याकाळी शाहूपुरीत दुकान बंद करताना पुतण्याला चौकटीच्या वहीत हा गुणाकार मांडायला लावला. नऊ एकांची ओळ, खाली तीच एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. उभ्या रकान्यांतले एक मोजत गेला तर १, २, ३ करत ९ पर्यंत आणि परत उतरत १. हातचा कुठंच येत नाही! दहा एक घेतले की मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं, म्हणजे दोन्हीकडून सारखं वाचणं तिथंच संपलं.

अवयव: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. त्यामुळे प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणलं की विभाजक ५×३×३ = ४५. विभाजकांची ही संख्या विषम, कारण पूर्ण वर्ग. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने नि:शेष भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्याही आहे. हर्षद हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचं. एकांच्या अशा वर्गांच्या मालिकेला (१, १२१, १२३२१…) त्यांनीच डेमलो म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. आपल्या मातीतल्या माणसाचं हे काम शाळेत शिकवायलाच हवं.

एक्सेलमध्ये पडताळू नका, ते पंधराच अंक धरतं आणि शेवटच्या २१ चे शून्य करतं. कागदावरच करा.